दुसऱ्या गाडीचा दिवा

अजिंक्य पोवारचं नाव ठेवताना त्याच्या आजोबांनी फार पुढचा विचार केला नसावा. नाव अजिंक्य आणि धंदा हरण्याचा. कोल्हापूरच्या मगदूम रेसिंग या संघात तो पाच वर्षं दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता, आणि दुसऱ्या गाडीचं काम एकच, पहिली गाडी पुढे ठेवणं.

विजेवरच्या मोटारींच्या शर्यती तोवर देशभर फोफावल्या होत्या. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या. मगदूमांच्या पहिल्या गाडीत बसायचा शौर्य, म्हणजे संघाचे मालक बापूसाहेब मगदूम यांचा पुतण्या. पोरगं गुणी होतं, हात हलका होता, पण बापूंना जोखीम घ्यायची सवय नव्हती. चाळीस वर्षं फाउंड्री चालवलेला माणूस. भट्टीत लोखंड ओतण्याआधी साचा तपासून घ्यायचा, हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे अजिंक्य पुढे असला की त्याच्या कानातल्या रेडिओवर बापूंचा आवाज यायचा, "अजिंक्य, पाणी प्यायलास का?" त्याचा अर्थ, वाट सोड.

वाट सोडणं अजिंक्यने कलेला नेऊन भिडवलं होतं. वळणावर केसभर उशिरा ब्रेक लावायचा, गाडी बाहेरच्या कडेला घसरू द्यायची, शौर्य आतून निघून गेला की स्टीअरिंगवर मूठ आपटायची. मूठ आपटणं ही त्याची स्वतःची भर होती. समालोचक हळहळायचे, पोवारचं नशीबच खोटं म्हणायचे. त्याच्या बायकोलाही तसंच वाटायचं, कारण करारात लिहिलं होतं की संघाची गोष्ट संघाबाहेर जाता कामा नये, आणि अजिंक्य शब्दाचा पक्का होता. इतकंच काय, खुद्द शौर्यलाही कुणी सांगितलं नव्हतं. पोराचा आत्मविश्वास जाईल, असं बापूंचं म्हणणं.

मग दक्षिणेतल्या एका शर्यतीत घोटाळा झाला. एका संघाच्या ड्रायव्हरने शेवटच्या रेषेआधी गाडी चक्क उभी केली आणि मागून येणाऱ्या जोडीदाराला हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. प्रेक्षक खवळले. कोल्हापुरात टीव्हीसमोर बसलेल्या लोकांनी तर एका शब्दात निकाल लावला, नुरा कुस्ती. आतून ठरवून केलेल्या कुस्तीला या गावाने कधी माफ केलेलं नाही. अजिंक्यलाही राग आला, पण वेगळ्या कारणाने. असं उघड्यावर कुणी हरतं का, असं त्याला वाटलं. मेहनत नाही, काही नाही.

संघमालकांची बैठक झाली, तिथे बापू तावातावाने बोलले. क्रिकेटमध्ये शेपटाचा फलंदाज स्वतः रनआउट होतो आणि जम बसलेल्याला वाचवतो, त्याला कुणी चोर म्हणतं का, असा त्यांचा सवाल होता. शर्यत मंडळाच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे उत्तर दिलं की तिथे फलकावर संघाचं नाव लागतं, इथे पायरीवर एकटा माणूस उभा राहून हार घालून घेतो. ज्याला हार घालायचा, तो जिंकलेला असला पाहिजे. ठराव झाला. संघाचे हुकूम बंद, रेडिओवरचं बोलणं सगळ्या मैदानाला ऐकू जाणार, दोन्ही गाड्या तंतोतंत सारख्या. आणि हुकूम चोरून पाळला तर पकडायला यंत्र.

यंत्र घेऊन पुण्याच्या डॉक्टर मुग्धा करंदीकर संघाच्या कार्यशाळेत आल्या. यंत्र म्हणजे हेल्मेटच्या आत बसणारी एक मऊ पट्टी आणि गाडीच्या शेपटीला लावायचा पिवळा दिवा. पट्टी मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी टिपते, असं त्यांनी सांगितलं. माणूस ठरवून एखादी हालचाल करतो, तेव्हा हात-पाय हलण्याआधी क्षणभर मेंदूत तयारीची एक लहर चढत जाते. समोर अचानक कुत्रं आलं आणि ब्रेक दाबला, तर ती लहर चढायला वेळच मिळत नाही. ही झाली पहिली खूण.

"आणि वळणाआधी ब्रेक तर सगळेच ठरवून मारतात," अजिंक्य म्हणाला.

त्यासाठी दुसरी खूण आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. खरी चूक झाली की पापणी लवायच्या आत मेंदू स्वतःशीच चरफडतो. त्याचीही वेगळी लहर असते. प्रयोगशाळेत तिला सगळे 'अरेरे' म्हणतात. कपातला चहा सांडला, अरेरे. जिना चुकला, अरेरे. पण चूक मुद्दाम केली असेल तर मेंदू चरफडत नाही, त्याला काय होणार ते आधीच माहीत असतं. म्हणजे गाडी रेंगाळली, आधी तयारीची लहर दिसली आणि नंतर अरेरे आलं नाही, की माणसाने माघार घेतली. दिवा लागणार.

मूठ कितीही जोरात आपटली तरी आतून अरेरे कुठून आणायचं, हा प्रश्न अजिंक्यला पडला.

प्रत्येकाच्या लहरींचा तोंडवळा निराळा असतो, म्हणून यंत्राला ओळख व्हायला हवी होती. त्यासाठी ड्रायव्हरांनी पंधरवडाभर पट्टी घरी, दिवसा जागेपणी लावायची होती. सोबत टेबलावर ठेवायला एक छोटा दिवा. अजिंक्यने तो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

त्याची बायको तेजश्री राजारामपुरीत ड्रायव्हिंग स्कूल चालवत होती. गाड्या आपणहून चालायला लागल्या तरी कोल्हापूरच्या माणसाला स्टीअरिंग स्वतःच्या हातात लागतं, त्यामुळे तिचा धंदा जोरात होता. शिकाऊ मंडळी गिअरपेक्षा जास्त तिच्या नवऱ्याबद्दल विचारायची, आणि ती ठासून सांगायची की नशीब फिरलं की बघा.

त्या दिवशी जेवताना विषय निघाला तिच्या मावसभावाच्या लग्नाचा. सांगलीला कुठल्या रस्त्याने जायचं यावर दोघांचं जुंपलं. तेजश्रीच्या म्हणण्याप्रमाणे जयसिंगपूरवरून जाणंच शहाणपणाचं. अजिंक्यने दोन मुद्दे मांडले, तिसरा ओठांपर्यंत आला, तो त्याने भाकरीच्या घासाबरोबर गिळला.

"बरं, तुझंच खरं," तो म्हणाला.

दिवा लागला.

तेजश्रीने विचारलं, हे काय. यंत्र अजून शिकतंय, असं त्याने सांगितलं. तिने मुलाखत घेतल्यासारखे आणखी काही प्रश्न विचारले. तिच्या भावाने आणलेला सोफा त्याला आवडला होता का? "छान आहे की." दिवा. दिवाळीत पत्त्यांत ती जिंकली ती खरोखर का? "हो." दिवा. तेजश्रीला आधी हसू आलं. मग तिने वाटी खाली ठेवली. तिला गाडी कळत होती, माणसंही कळत होती.

"हे यंत्र ट्रॅकवर कशाला लावणारेत?"

"कुणी मुद्दाम हरू नये म्हणून."

"तुम्ही मुद्दाम हरलाय का कधी?"

करार आठवून अजिंक्यने उत्तर गिळलं, आणि दिवा इतका वेळ लागून राहिला की मिठाची बरणी पिवळी दिसायला लागली.

नवऱ्याला जवळ घेऊन ती म्हणेल, किती सोसलंत, अशी त्याची अंधुक आशा होती. तसं काही झालं नाही. "पाच वर्षं मंगळवार केले मी," ती म्हणाली. "अंबाबाईला साकडं घातलं, नवऱ्याला एकदा जिंकू दे म्हणून. तिनं तुम्हाला दर वेळी पुढं आणून ठेवलं असणार, आणि तुम्ही बाजूला सरकत होता. देवीला काय वाटलं असेल?" अजिंक्यने ताट उचललं आणि घासायला घेतलं. तेही तिला पटलं नाही. माघार घेऊन भांडी घासू नका, म्हणाली.

इकडे बापू वेगळ्याच विचारात होते. हुकूम देता येत नाही, खुणावता येत नाही, म्हणजे अजिंक्यच्या मनातच असं काहीतरी उगवलं पाहिजे की पाय आपोआप हलका पडेल. ज्याच्यावर जीव आहे त्याला मागे टाकताना माणूस कचरतोच, आणि कचरणं म्हणजे काही माघार नव्हे, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. त्यांनी शौर्यला बोलावून सांगितलं की संघभावना वाढायला हवी, तू रोज अजिंक्यकडे जेवायला जा.

शौर्य आज्ञाधारक होता. तो रोज यायला लागला. चोवीस वर्षांचा, दोनदा राष्ट्रीय विजेता, आणि हॉस्टेलात वाढल्यामुळे घरच्या जेवणाला हपापलेला. पहिल्याच आठवड्यात तेजश्रीला शोध लागला की या राष्ट्रीय विजेत्याला गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावता येत नाही. शर्यतीत कुणी मागे जात नाही, असं तो म्हणाला. तेजश्रीने त्याला संध्याकाळच्या बॅचमध्ये घातलं. निवृत्त पोस्टमास्तर आणि एक नवी सून यांच्याबरोबर शौर्य मगदूम रिव्हर्स पार्किंग शिकला. दादा, वहिनी म्हणायला लागला. मटणातली नळी दोघांत कुणी घ्यायची यावर रोज आग्रह व्हायचा आणि टेबलावरचा दिवा मधूनमधून चमकायचा.

बापूंचं गणित असं होतं की अजिंक्यला पोराचा लळा लागेल. लागलाही. पण लळा दोन्हीकडून लागतो, हे फाउंड्रीत शिकवत नाहीत.

एका रविवारी तेजश्रीने जुन्या शर्यतींची चित्रफीत लावली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. शौर्य हात धुवायला गेलेला बघून तिने नवऱ्याला विचारलं की या शर्यतीत नेमकं कुठं सोडलंत ते दाखवा. अजिंक्य आधी नको म्हणाला, पण पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या कलेला प्रेक्षक मिळत होता. तो दाखवत गेला. इथे बघ, पाठीमागचं चाक किती अलगद सुटू दिलंय. आणि हे, पुलाजवळचं वळण, इथे तर समालोचकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो रंगात आला होता, म्हणून शौर्य दारात येऊन उभा आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

शौर्यने टॉवेल खुर्चीवर ठेवला. पुलाजवळच्या वळणावरची ती शर्यत त्याने जिंकली होती. त्या रात्री बापूंनी त्याला आजोबांचं घड्याळ दिलं होतं.

"सगळ्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या नाही रे," अजिंक्य म्हणाला. दिवा लागला नाही, कारण पंधरवडा संपून पट्टी परत गेली होती. पण शौर्यला आता दिव्याची गरज राहिली नव्हती. तो पाया पडून निघून गेला, आणि नंतर काही दिवस जेवायला आला नाही.

मोसमातली पहिली शर्यत कोल्हापुरातच होती, गावाबाहेर पंचगंगेच्या काठी बांधलेल्या ट्रॅकवर. अजिंक्यचं वय चौतिसाच्या पुढे गेलं होतं आणि हा त्याचा शेवटचा मोसम ठरलेला होता. सकाळी निघताना त्याने तेजश्रीला सांगितलं की आज कुणाच्या सांगण्यावरून पाय उचलणार नाही. तिने मान हलवली, आणि रस्त्यात ब्रेक तपासून घ्या म्हणाली. प्रेमाने बोलायची तिची हीच पद्धत होती.

शर्यत सुरू झाली. बापू संघाच्या टेबलाशी तोंडात सुपारी धरून बसले होते. रेडिओ मैदानभर ऐकू जाणार होता, त्यामुळे पाणी प्यायलास का एवढंही विचारायची सोय नव्हती. शेवटच्या फेरीत शौर्य सर्वांत पुढे आणि अजिंक्य त्याच्या शेपटीला चिकटलेला, बाकीचे बरेच मागे. अजिंक्यला असं कधीच वाटलं नव्हतं. कानात शांतता, समोर एकच गाडी, आणि ती गाठायची.

पुलाजवळचं वळण आलं. शौर्यने केसभर उशिरा ब्रेक लावला, त्याची गाडी अलगद बाहेरच्या कडेला सरकली, आतली वाट मोकळी झाली. आणि शौर्यच्या गाडीमागचा पिवळा दिवा अजिंक्यच्या तोंडासमोर लागला.

अजिंक्यने ते वळण ओळखलं. आपलीच नक्कल होती ती, आणि खरं सांगायचं तर चांगली होती. आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ संताप. आयुष्यात एकदा प्रामाणिकपणे पळायला निघालो, तर या पोराने ताटात वाढून ठेवलं. त्याने पाय उचलला. ठरवून उचलला. त्याच्याही गाडीमागे दिवा लागला.

आपला दादा पुढे येत नाही हे आरशात बघून शौर्यने आणखी वेग कमी केला. मग अजिंक्यनेही. लग्नात दोन व्याही पहिल्या पंगतीला कुणी बसायचं यावर अडून बसावेत, तशा त्या दोन गाड्या पिवळे दिवे लावून पुलावरून सायकलच्या वेगाने जाऊ लागल्या. आणि रेडिओ मैदानभर ऐकू जात होता.

"शौर्य, जा की पुढं."

"दादा, तुम्ही जा."

"मी भीक घेत नसतो."

शौर्य म्हणाला, "आणि मी पाच वर्षं घेतली ती काय होती?"

बापूंनी सुपारी गिळली.

तेवढ्यात मागून नागपूरच्या संघाचा कुकडे नावाचा ड्रायव्हर आला. कुकडे आजवर पहिल्या सहांतही आला नव्हता. पुढे दोन गाड्या दिवे लावून रेंगाळताना बघून त्याला वाटलं काहीतरी अपघात आहे, म्हणून तो जपून, हात वर करून, दोघांच्या मधून निघून गेला. रेषा ओलांडल्यावर आपण जिंकलो हे त्याच्या डोक्यात शिरेना, त्यामुळे त्याने आणखी एक पूर्ण फेरी मारली. लोक हसून हसून बाकांवर कोसळले. नुरा म्हणून मात्र कुणी ओरडलं नाही. ठरवून जिंकवणं त्यांना माहीत होतं, पण एकाच वेळी दोघांनी एकमेकांपुढे पाठ टेकायला धावणं त्यांनी पाहिलं नव्हतं.

चौकशी बसली. बापूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की मी हुकूम दिला नाही, आणि ते खरं होतं. अध्यक्षबाईंनी नियम पुन्हा पुन्हा वाचला. संघाच्या फायद्यासाठी माघार घेऊ नये, असं त्यात होतं. या माघारीत संघाचं वाटोळं झालं होतं. डॉक्टर करंदीकरांना विचारलं, तर त्या जरा अवघडून म्हणाल्या की यंत्राला माघार कळते, ती कशासाठी घेतली ते कळत नाही, त्यासाठी अजून कुठे लहर सापडलेली नाही. शेवटी रस्त्यात विनाकारण गाडी हळू चालवली, एवढ्या कलमाखाली दोघांना काही शर्यतींची बंदी झाली.

त्यानंतर बापू अजिंक्यच्या घरी आले. पहिल्यांदाच आले होते. अजिंक्यला वाटलं, काढून टाकल्याचं सांगायला आले. तेजश्रीने चहा दिला. शौर्यही येऊन बसला होता, त्याची जेवणं पुन्हा सुरू झाली होती.

"एक विचारतो," बापू म्हणाले. "तुम्हा दोघांत चांगला कोण?"

अजिंक्य म्हणाला, माहीत नाही. शौर्यही तेच म्हणाला.

"मलापण माहीत नाही," बापू म्हणाले. "पाच वर्षं मीच कळू दिलं नाही. माझ्याच घरात दोन पैलवान, आणि मी कुस्ती बघितलीच नाही." म्हातारा खरोखर हळहळला होता.

मग त्यांनीच ठरवलं. एका सकाळी ट्रॅक रिकामा मिळाला. प्रेक्षक नाहीत, समालोचक नाही, हार नाही. दोन सारख्या गाड्या, पट्ट्या लावलेल्या, दिवे जोडलेले. बापू कठड्यापाशी उभे राहिले. तेजश्रीने ओढणी वर धरली आणि खाली सोडली.

त्या सकाळी काय शर्यत झाली ती जगात दोघांनीच पाहिली. पहिल्या फेरीपासून दोन गाड्या एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. अजिंक्य आतून घुसला, शौर्यने दार लावून घेतलं. शौर्य पुढे गेला, अजिंक्यने पुढच्याच वळणावर हिशेब मिटवला. एकदा तर चाकं इतकी जवळ आली की बापूंनी डोळे मिटले आणि तेजश्रीने त्यांना उघडायला लावले. पुलाजवळच्या वळणावर दोघंही कडेवर टांगल्यासारखे गेले. दोन्ही दिवे शेवटपर्यंत काळेच राहिले. रेषेवर शौर्यच्या गाडीचं नाक वीतभर पुढे होतं.

अजिंक्य गाडीतून उतरला. आता आपल्याला हलकं वाटेल, निदान खरं काय ते कळलं म्हणून बरं वाटेल, असा त्याचा अंदाज होता. तसलं काही झालं नाही. त्याचे कान गरम झाले. पलीकडे शौर्य हेल्मेट फेकून बापूंच्या गळ्यात पडला होता, बापू त्याची पाठ थोपटत होते आणि दोघंही रडत होते, आणि अजिंक्यला त्या दोघांचाही मनस्वी राग आला. पाच वर्षं हरून त्याला हरणं कसं असतं ते माहीतच नव्हतं.

तेजश्री समजूत घालायच्या तयारीने जवळ आली. ती काही बोलायच्या आत त्याने सांगायला सुरुवात केली. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. नदीकडून वारा होता, तो नेमका त्याच्या बाजूने. सीट कुणीतरी मागे सरकवून ठेवली होती. आणि शौर्यने चौथ्या वळणावर जे केलं ते बसतं का नियमात?

तेजश्री त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने हरल्यावर कधी एक सबब सांगितली नव्हती. तिला हसू आवरेना, आणि ती हसतेय म्हणून तो आणखी चिडला.

"परत लावा," तो बापूंना ओरडून म्हणाला.

बापू म्हणाले, बॅटऱ्या संपल्यात, आता दुपारपर्यंत होत नाही. शौर्यने विचारलं, दादा, आधी नाश्ता करूया का?

"चार्जिंगला लाव," अजिंक्य म्हणाला आणि हेल्मेट घालून पुन्हा गाडीत जाऊन बसला. तेजश्रीने त्याची मिसळ गाडीतच नेऊन दिली, आणि त्याने हेल्मेटची काच वर करून ती मांडीवर ठेवून खाल्ली, समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता.